सिंक्रोनस सिरियल लाइनवरील वाहतूक आणि चुका कशा मोजाव्यात

जळगाव शहरात फायबर पोहोचले असले, तरी तालुक्यांतील शाखांचे नेटवर्क सांभाळण्याच्या कामावर रुजू होणाऱ्या नव्या तंत्रज्ञाच्या वाट्याला एखादी जुनी लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली, दोन ठिकाणांना कायम जोडणारी लाइन) अजूनही येते. एका टोकाला राउटर, त्याला जाड व्ही.३५ केबलने जोडलेला मोडेम, पुढे तांब्याची जोडी किंवा ई१ (सेवा देणाऱ्यांची डिजिटल लाइन), आणि चोपड्यात किंवा शहाद्यात दुसऱ्या टोकाला तीच मांडणी उलट क्रमाने, असे तिचे स्वरूप असते. लाइन पूर्ण बंद पडली तर तपासाची दिशा लगेच ठरते. अवघड असते ती "लाइन चालू आहे, पण काम होत नाही" ही तक्रार. अशा वेळी राउटरने गुपचूप मोजून ठेवलेले आकडे वाचता आले पाहिजेत. या लेखातील आज्ञा आणि आकड्यांची नावे सिस्कोच्या राउटरवरील आहेत. इतर कंपन्यांच्या यंत्रांवर शब्द थोडे वेगळे असले, तरी मोजल्या जाणाऱ्या गोष्टी त्याच असतात.

आकड्यांना हात घालण्यापूर्वी

सिंक्रोनस लाइनवर प्रत्येक बिट घड्याळाच्या ठोक्यावर जातो. हा ठोका बहुधा मोडेम देतो आणि राउटर त्याच्या मागे चालतो. ठोका देणाऱ्या बाजूला डीसीई आणि घेणाऱ्या बाजूला डीटीई म्हणतात. ई१ लाइनचा वेग सेकंदाला २०,४८,००० बिट असतो. त्यात ६४ किलोबिटचे ३२ कप्पे असून सेकंदाला ८,००० फ्रेम जातात, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सुमारे ४८८ नॅनोसेकंद येतात. एवढ्या अवधीत घेणाऱ्याने बिट वाचायचा असल्यामुळे ठोका जरा सरकला, तरी शून्याचा एक होतो.

राउटर या बिटांची एचडीएलसी पद्धतीची फ्रेम, म्हणजे ठराविक मांडणीचा गठ्ठा, बांधतो. फ्रेमच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण असते. ही खूण मजकुरात चुकून उमटू नये म्हणून पाठवणारा लागोपाठच्या पाच एकांनंतर एक शून्य घुसवतो आणि घेणारा ते काढून टाकतो. शेवटी १६ बिटांची तपासणी बेरीज जोडलेली असते, तिलाच आपण सीआरसी म्हणतो. पुढे येणाऱ्या प्रत्येक चुकीचे नाव या दोन-तीन गोष्टींमधूनच निघते, म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचला तरी हरकत नाही.

प्रथम पुढील गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात : सर्किट क्रमांक, लाइनचा खरा वेग, केबलचा प्रकार, ठोका कोण देतो, आणि दोन्ही टोकांच्या राउटरची वेळ एकमेकांशी जुळते का. शेवटच्या मुद्द्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. एका राउटरचे घड्याळ ११ मिनिटे मागे असेल, तर दोन टोकांच्या नोंदी कधीच जुळणार नाहीत आणि एका घटनेच्या दोन घटना होऊन बसतील. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू करून भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक भरला की हा प्रश्न संपतो.

पहिले वाचन

"शो इंटरफेसेस सिरियल" ही आज्ञा दिल्यावर पहिल्याच ओळीत दोन स्थिती दिसतात. पहिली स्थिती मोडेमकडून येणाऱ्या कॅरियर डिटेक्ट, म्हणजे डीसीडी संकेताची असते, तर दुसरी प्रोटोकॉलची. पहिली "अप" आणि दुसरी "डाउन" असेल, तर मोडेम जिवंत आहे पण पलीकडच्या राउटरशी बोलणे होत नाही. सिस्कोच्या एचडीएलसीमध्ये दर १० सेकंदांनी एक कीपअलाइव्ह, म्हणजे आपण जिवंत आहोत असे सांगणारा छोटा संदेश, जातो आणि लागोपाठ तीन उत्तरे चुकली की प्रोटोकॉल खाली येतो. कंसात "लूप्ड" असा शब्द दिसला, तर आपलेच पाठवलेले आपल्याकडे परत येत आहे. बहुतेक वेळा कोणीतरी चाचणी करून लूप (पाठवलेले तेथूनच परत फिरवणारी जोडणी) काढायला विसरलेले असते.

त्यानंतर डोळे थेट शेवटच्या ओळीकडे न्यावेत. तेथे डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस आणि सीटीएस या पाच संकेतांची स्थिती असते. पाचही "अप" असताना लाइन खाली असेल, तर मोडेम आणि राउटर यांच्यातील संकेत जागेवर आहेत असे समजून पुढे पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची ओळ : आकडे शेवटचे केव्हा पुसले गेले. तेथे "नेव्हर" लिहिले असेल आणि राउटर दोन वर्षे चालू असेल, तर ३१२ सीआरसी चुका या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. त्या सर्व दोन वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी रात्रीच्या असू शकतात, किंवा सगळ्या आज सकाळच्या. घरातील विजेच्या मीटरवरचा आकडा पाहून कोणी बिल भरत नाही. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करावे लागते. राउटरचे काउंटरही तसेच मीटर आहेत. एकदा वाचावे, वेळ लिहावी, अर्ध्या तासाने पुन्हा वाचावे आणि वजाबाकी करावी.

एक उदाहरण मांडून पाहू. सकाळी १०:०० वाजता आत आलेली पॅकेट ४८,२१,६५० आणि सीआरसी चुका ३१२ आहेत. १०:३० वाजता पॅकेट ४८,९३,६५० आणि चुका ४०२ झाल्या. अर्ध्या तासात ७२,००० पॅकेट धड आली आणि ९० खराब झाली, म्हणजे प्रमाण ०.१२५ टक्का पडले. याच काळात २,८८,००,००० बाइट आत आले असतील, तर सरासरी पॅकेट ४०० बाइटचे, म्हणजे ३,२०० बिटांचे झाले, आणि प्रत्येक खराब पॅकेटमध्ये एकच बिट बिघडला असे धरले, तर दर एक कोटी बिटांमागे सुमारे ४ चुका येतात. सिस्कोच्या मार्गदर्शनात इनपुट चुका एकूण वाहतुकीच्या १ टक्क्याच्या वर गेल्या की लाइन दोषी मानण्याचा संकेत आहे. मी स्वतः एवढी वाट पाहत नाही. निरोगी लाइनवर हा आकडा दिवसभर शून्य राहतो, म्हणून अर्ध्या तासात ९० चुका दिसल्या तर मी त्याच दिवशी तपास सुरू करतो.

वाहतूक मोजताना होणारी फसगत

वरच्या उदाहरणातील बाइटांना ८ ने गुणून १,८०० सेकंदांनी भागले, तर सेकंदाला १,२८,००० बिट येतात. हा अर्ध्या तासाचा खरा सरासरी वेग आहे. राउटर स्वतःही "पाच मिनिटांचा दर" दाखवतो, परंतु तो साधी सरासरी नसून घसरत जाणारी भारित सरासरी असतो, ज्यात जुना आकडा हळूहळू विरतो. त्यामुळे वीस सेकंदांचा लोंढा त्यात बुडून जातो, आणि वाहतूक थांबल्यावरही दर काही मिनिटे रेंगाळतो. तपासाच्या दिवशी लोड इंटरव्हल, म्हणजे या सरासरीचा कालावधी, ३० सेकंदांवर आणावा. याहून कमी तो घेत नाही.

भार "२५५ पैकी इतके" या रीतीने दाखवला जातो आणि येथे एक जुना सापळा आहे. हा भार लाइनच्या खऱ्या वेगावर काढला जात नाही. कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेल्या बँडविड्थवर (लाइनच्या नोंदवलेल्या वेगावर) काढला जातो. सिरियल पोर्टवर काहीच लिहिले नसेल, तर राउटर १,५४४ किलोबिट धरून चालतो, कारण अमेरिकेतील टी१ लाइनचा वेग तेवढा असतो. आपली लाइन २५६ किलोबिटची असेल आणि ती काठोकाठ भरली असेल, तरी राउटर २५५ पैकी फक्त ४२ दाखवेल. पाहणाऱ्याला वाटेल की लाइनचा सहावा हिस्साच वापरात आहे. बँडविड्थची ओळ दुरुस्त केल्याने लाइनचा वेग बदलत नाही, फक्त मोजपट्टी बरोबर होते; मात्र ओएसपीएफसारखा राउटिंग प्रोटोकॉल याच आकड्यावरून मार्ग ठरवत असेल, तर बदल करण्यापूर्वी वरिष्ठांना विचारावे.

भार १०० टक्क्यांपर्यंत दिसण्याआधीच लाइन भरू शकते, हेही ध्यानात असू द्यावे. घुसवलेले शून्य बाइटांच्या मोजणीत येत नाहीत. नुसत्या एकांनीच भरलेल्या मजकुरात ते एक पंचमांशापर्यंत जातात, एरवी बरेच कमी असतात.

लाइन भरल्यावर वाढतो तो "आउटपुट ड्रॉप्स" हा आकडा, आणि ही चूक नव्हे. रांगेत जागा उरली नाही म्हणून राउटरने स्वतःच पॅकेट टाकून दिलेले असते. संध्याकाळी दिवसाचा हिशेब बंद करताना ड्रॉप वाढतात आणि सीआरसी शून्यच राहते, असे दिसले तर मोडेम उघडण्यात अर्थ नाही. त्या वेळी कोणता संगणक काय पाठवतो आहे ते शोधावे. एका शाखेत पाच वाजता सीसीटीव्हीची साठवण मुख्य कार्यालयाकडे निघत असे, आणि आम्ही तीन दिवस केबल बदलत बसलो होतो.

चुकांची नावे आणि त्यांमागची कारणे

"इनपुट एरर्स" हा एकत्रित आकडा आहे. त्याच्या पोटातील वेगवेगळे आकडे पाहावेत. सीआरसी वाढणे म्हणजे फ्रेम आली, पण बेरीज जुळली नाही. केबल लांब किंवा ढिली असणे, तांब्याच्या जोडीत गोंगाट असणे, ठोक्याची कड चुकीच्या जागी पडणे यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. "फ्रेम" म्हणजे बेरीजही जुळली नाही आणि बिटांची संख्या आठच्या पटीतही नाही. बिट गळला किंवा जास्तीचा आला. "अ‍ॅबॉर्ट" म्हणजे नियमाबाहेर लागोपाठ एक आले. शून्य घुसवण्याचा नियम असताना सात किंवा अधिक एक सलग येणे शक्य नसते, म्हणून अ‍ॅबॉर्ट सतत वाढू लागले की पहिला संशय ठोक्यावर घ्यावा. "ओव्हररन" आणि "इग्नोर्ड" मात्र लाइनचे दोष नाहीत. राउटरला आलेला माल वेळेत उचलता आला नाही किंवा त्याच्याकडे बफर (तात्पुरती साठवण) उरला नाही, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

ठोक्याचा दोष ओळखण्याची एक खूण सांगतो. दोन्ही मोडेम चुकून स्वतःच्या घड्याळावर चालू राहिले आणि त्यांच्यात दहा लाखांत ५० इतका फरक असला, तर ई१ वर दर अडीच सेकंदांनी एक अख्खी फ्रेम निसटते किंवा दुहेरी होते. फरक दहा लाखांत १ असेल तर दर १२५ सेकंदांनी. याला स्लिप म्हणतात. स्लिपला पाऊस, ऊन, गर्दी यांपैकी कशाचेच सोयरसुतक नसते. ती ठरलेल्या अंतराने येत राहते. मोडेम बदलल्यानंतर दुसऱ्याच दिवशी अशा नियमित चुका सुरू झाल्या, तर नव्या मोडेमची घड्याळाची सेटिंग तपासावी. एका टोकाने ठोका द्यायचा आणि दुसऱ्याने तो लाइनवरून घ्यायचा, ही शिस्त मोडलेली सापडते.

"कॅरियर ट्रान्झिशन्स" हा डीसीडी किती वेळा खाली-वर झाला याचा आकडा. हा वाढतो आणि सीआरसी जवळजवळ स्थिर राहते, तेव्हा मी आधी विजेकडे पाहतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या मध्यावर एका शाखेत दुपारी बारा ते पाच या वेळात हा आकडा रोज पंधरा-वीसने वाढू लागला. रात्री आणि सकाळी काहीच होत नव्हते. सेवा देणाऱ्यांच्या माणसाने दोनदा येऊन लाइन निर्दोष असल्याचे लिहून दिले. मी गेलो तेव्हा राउटर यूपीएसवर होता, मोडेम मात्र भिंतीतील सॉकेटवर, आणि त्याच पट्टीवर कूलर. कूलरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर पडत असे, मोडेम पुन्हा उठत असे आणि डीसीडी खाली येत असे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असे कोणाला सांगता येत नाही. मोडेमची पिन यूपीएसवर हलवली आणि आकडा जागेवर थांबला.

ऋतूची नोंद ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्या ओढाताणीत जमिनीखालच्या केबलचे सांधे ढिले होतात आणि पाणी शिरते. पहिल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत सीआरसी वाढून, ऊन पडल्यावर कमी होत असेल, तर तक्रारीत "पावसानंतर" हा शब्द तारखेसह लिहावा. सांधा शोधणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग होतो.

चूक दिसते एका टोकाला, घडते दुसरीकडे

नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सीआरसी घेणाराच तपासतो. चोपड्याहून निघालेली फ्रेम वाटेत बिघडली, तर तो आकडा जळगावच्या राउटरवर वाढतो. चोपड्याच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. एचडीएलसी खराब फ्रेम मुकाट्याने टाकून देते आणि पुन्हा मागत नाही. ते काम वरच्या टीसीपी या प्रोटोकॉलवर सोपवलेले असते, म्हणून कारकुनाला चूक दिसत नाही, काम संथ झालेले दिसते. जळगावात सर्व चुका शून्य असूनही चोपड्याची तक्रार खरी असू शकते, कारण जळगावहून जाणारी दिशा बिघडलेली असते आणि ती फक्त चोपड्यालाच मोजता येते. आपल्याकडील "आउटपुट एरर्स शून्य" यावरून आपले पाठवलेले पोहोचले असा निष्कर्ष काढू नये.

म्हणून दोन्ही टोकांचे वाचन एकाच वेळी घ्यावे. लाइन संथ असल्याने दूरच्या राउटरवर शिरणे कठीण जात असेल, तर तेथील कोणाला तरी कन्सोलसमोर बसवून आकडे फोनवर वाचून घ्यावेत. दोन्ही दिशांना चुका असतील तर केबलची जोडी, वीज किंवा ठोका यांपैकी दोघांना सामाईक असलेले कारण शोधावे. एकाच दिशेला असतील, तर त्या दिशेचा पाठवणारा, घेणारा आणि मधली वाट एवढीच चौकशी उरते.

याच्या जोडीने आणखी एक आंधळी जागा आहे. सीआरसी फक्त फ्रेमवर मोजली जाते. रात्री वाहतूक नसताना लाइनवर नुसत्या खुणा फिरत असतात. तेव्हा बिघडलेल्या बिटांची दखल क्वचितच घेतली जाते. त्यामुळे "रात्री चुका कमी होतात" हे वाक्य अनेकदा "रात्री मोजायला काही नसते" एवढेच सांगते. ई१ असेल तर याला उत्तर आहे. ई१ ची फ्रेम वाहतुकीवर अवलंबून नसते, आणि सीआरसी-४ चालू असेल तर सेकंदाला १,००० गट तपासले जातात. "शो कंट्रोलर्स ई१" या आज्ञेत हे आकडे १५ मिनिटांच्या खात्यांत, २४ तासांची ९६ खाती करून ठेवलेले असतात. चूक असलेला सेकंद, गंभीर चुकीचा सेकंद, स्लिपचा सेकंद आणि अनुपलब्ध सेकंद असे त्यांचे प्रकार असतात; लागोपाठ १० गंभीर सेकंद आले की तेथपासून लाइन अनुपलब्ध धरतात. सेवा देणाऱ्यांशी बोलताना हीच भाषा वापरावी, कारण त्यांची यंत्रेही त्याच सेकंदांत मोजतात.

नोंद यंत्राकडे सोपवणे

रोज हाताने वाचणे टिकत नाही. एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स आणि एमआरटीजी (आलेख काढणारा प्रोग्राम) बसवून एसएनएमपीने (राउटरचे आकडे दुरून विचारण्याच्या पद्धतीने) दर ५ मिनिटांनी आकडे घ्यावेत. आत आलेले बाइट, बाहेर गेलेले बाइट, इनपुट चुका आणि ड्रॉप यांचे वेगवेगळे आलेख ठेवावेत; बहुतेक जण फक्त वाहतुकीचा आलेख काढतात आणि चुकांचा विसरतात. हे काउंटर ३२ बिटांचे असल्याने ४,२९,४९,६७,२९६ ला पुन्हा शून्यावर येतात. पूर्ण भरलेल्या ई१ वर हे सुमारे ४ तास ४० मिनिटांनी घडते, त्यामुळे ५ मिनिटांच्या वाचनाला त्याचा धोका नाही. पण कोणी दिवसातून एकदा वाचून वजाबाकी करत असेल, तर उत्तर चुकेल. राउटरवर काउंटर पुसल्याने एसएनएमपीचे आकडे पुसले जात नाहीत, म्हणून दोन्हींत फरक दिसल्यास गोंधळू नये. राउटर बंद होऊन चालू झाल्यावर पोर्टचा क्रमांक बदलू नये यासाठीची सेटिंगही चालू करावी, नाहीतर चोपड्याच्या आलेखात शहाद्याची वाहतूक दिसू लागते. आणि "पब्लिक" हा एसएनएमपीचा मूळचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

लूप टाकून दोषाची जागा ठरवणे

आकड्यांवरून दिशा कळली, की जागा लूपने ठरवावी. लूप टाकताच लाइन बंद होते, म्हणून हे काम शाखा बंद झाल्यावर, दूरच्या टोकाला सांगूनच करावे. प्रथम आपल्याच मोडेमवर स्थानिक लूप टाकावा. काउंटर पुसून स्वतःच्या पत्त्याला १,५०० बाइटची काही हजार पिंग (उत्तर मागणारी चाचणी पॅकेट) द्यावीत. मजकुराचा नमुना एकदा सगळे शून्य, एकदा सगळे एक आणि एकदा आलटून-पालटून ठेवावा. येथेच सीआरसी वाढली, तर दोष राउटर, केबल किंवा मोडेमच्या या बाजूला आहे. केबल बदलून पाहावी आणि लांब केबल असल्यास ठोका उलटवण्याची सेटिंग करून पाहावी. येथे सर्व स्वच्छ असेल, तर लूप दूरच्या मोडेमवर न्यावा आणि तीच चाचणी पुन्हा करावी. आता चुका आल्या तर त्या मधल्या वाटेच्या आहेत, मात्र लूपमध्ये जाणे आणि येणे दोन्ही मोजले जात असल्याने कोणती दिशा ते लूप सांगत नाही. ते आधीच्या दुहेरी वाचनातूनच घ्यावे.

तक्रार लिहिताना सर्किट क्रमांक, दोन्ही टोकांची दोन-दोन वाचने वेळेसह, बिघडलेली दिशा, स्थानिक लूपचा निकाल आणि मोडेमवरील सिग्नल-गोंगाटाचे अंतर एवढे लिहावे. "लाइन स्लो आहे" असे लिहिलेली तक्रार "तपासली, ठीक आहे" या शेऱ्यासह परत येते, हे मी अनेकदा पाहिले आहे. दुरुस्ती झाली असे कळवले गेल्यावर दोन्ही टोकांचे काउंटर पुसावेत, वेळ वहीत लिहावी आणि पूर्ण २४ तासांनंतर, एक कामाची संध्याकाळ मध्ये गेल्यावर, दोन्हीकडे पुन्हा वाचून मगच तक्रार बंद करण्यास संमती द्यावी.